अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची समर्थक संस्कृती

अमेरिकेच्या पुरुष व महिला राष्ट्रीय फुटबॉल संघांच्या सामन्यांना गटाने हजर राहून नव्वद मिनिटे उभ्याने गाणी, घोषणा, ड्रम आणि रंगवलेले मोठे पडदे यांनी संघाला पाठबळ देण्याची प्रथा व तिच्यामागची संघटना. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेत ज्याला सॉकर म्हणतात तो खेळ; चेंडू हातात घेऊन खेळतात तो अमेरिकन फुटबॉल वेगळा. ही प्रथा १९९४ च्या विश्वचषकानंतर आकाराला आली. त्या देशात हा खेळ पाहणाऱ्यांची वानवा नाही. तरीही राष्ट्रीय संघाला कित्येकदा घरच्या मैदानावर पाहुण्यासारखे खेळावे लागते. त्यावरचा उपाय लोकांचा उत्साह वाढवण्यात फारसा नाही. तो तिकिटांचे वाटप, मैदानाची निवड आणि गावोगावच्या शाखा यांत आहे.

३१ मे १९८५ रोजी कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे कोस्टा रिकाविरुद्ध बरोबरी साधली असती तरी अमेरिकेचे काम भागणार होते. सामना एका महाविद्यालयाच्या मैदानावर झाला. ११,८०० प्रेक्षकांत बहुसंख्य कोस्टा रिकाचे होते. अमेरिका ०-१ ने हरली आणि १९८६ च्या विश्वचषकातून बाहेर पडली. १५ फेब्रुवारी १९९८ रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये गोल्ड कपचा (उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या स्पर्धेचा) अंतिम सामना मेक्सिकोने जिंकला, तेव्हा नव्वद हजारांवर प्रेक्षकांपैकी बहुतेक मेक्सिकोच्या बाजूचे होते आणि यजमान खेळाडूंवर बाटल्या पडत होत्या. १ सप्टेंबर २००१ रोजी राजधानी वॉशिंग्टनमध्ये होंडुरासने ३-२ असा विजय मिळवला, तोही आपल्याच निळ्यापांढऱ्या समर्थकांच्या गर्दीसमोर. २०११ च्या गोल्ड कप अंतिम सामन्याला पॅसाडीनाच्या रोझ बोलमध्ये ९३,४२० प्रेक्षक होते. तेथेही मेक्सिकोचा हिरवा रंग भारी ठरला. २ जुलै २०२५ रोजी सेंट लुईसमध्ये ग्वाटेमालाविरुद्धच्या गोल्ड कप उपांत्य सामन्यात अमेरिका २-१ ने जिंकली, पण आवाज पाहुण्यांचाच मोठा होता. चाळीस वर्षांत संघ बदलले, प्रशिक्षक बदलले, हे चित्र मात्र फारसे बदललेले नाही.

कारणे उघड आहेत. मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेली लाखो कुटुंबे मोठ्या शहरांत राहतात आणि आपला जुना संघ वर्षातून एखाद्या वेळी गावात येतो म्हणून सगळे घर तिकीट काढते. मेक्सिकोचा संघ तर दरवर्षी अमेरिकेतच मैत्रीपूर्ण सामन्यांचा दौरा करतो. उलट अमेरिकेच्या संघाला इंग्लंडच्या वेम्बलीसारखे एक कायमचे मैदान नाही. आज ओहायोत, चार दिवसांनी टेक्सासमध्ये असा त्याचा फिरता संसार असतो. त्यामुळे क्लबच्या स्टँडमध्ये दर पंधरवड्याला शेजारी उभे राहून जी गाणी आपोआप पाठ होतात, ती राष्ट्रीय सामन्यात प्रत्येक वेळी नव्या माणसांना पहिल्यापासून शिकवावी लागतात.

मैदान बदलले की निकाल कसा बदलतो, हे कोलंबसने दाखवून दिले. ओहायोतील हे शहर मेक्सिकन वस्तीच्या मोठ्या पट्ट्यांपासून दूर आहे. तेथील क्रू स्टेडियम १९९९ मध्ये खास फुटबॉलसाठी उभे राहिले. क्षमता जेमतेम वीस हजारांच्या घरात, स्टँड पोलादी व मैदानाला खेटून. २८ फेब्रुवारी २००१ रोजी तापमान शून्याखाली असताना अमेरिकेने मेक्सिकोला २-० ने हरवले. २००५, २००९ व २०१३ च्या पात्रता सामन्यांतही तेथे नेमका हाच निकाल लागला आणि ‘दोस आ सेरो’ (दोन-शून्य) ही स्पॅनिश शब्दांतली घोषणा अमेरिकन समर्थकांच्या तोंडी बसली. थंडीचे कौतुक बरेच झाले. खरी किमया मात्र लहान मैदानाची आणि आधी घरच्या समर्थकांना, मग खुल्या बाजाराला अशा तिकीटविक्रीच्या क्रमाची होती. जादू कायमची नव्हती. ११ नोव्हेंबर २०१६ रोजी मेक्सिकोने तेथेच २-१ ने विजय मिळवला. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी शेजारच्या सिनसिनाटीत हाच डाव पुन्हा मांडला गेला आणि निकाल पुन्हा २-० लागला.

लहान मैदानाचा तोटा म्हणजे उत्पन्न. सत्तर हजारांचे अमेरिकन फुटबॉलचे स्टेडियम भरले तर अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाला कितीतरी जास्त पैसा मिळतो, म्हणून मैत्रीपूर्ण सामने व स्पर्धा तिकडे वळतात. तेथे पाचशे गाणारे समर्थक समुद्रात मीठ टाकावे तसे विरून जातात. एका तिकिटावर दोन सामने असले तर आणखी वाईट. मार्च २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या सोफाय स्टेडियममध्ये पनामाविरुद्ध अमेरिका ०-१ ने हरली तेव्हा बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. लोक नंतरच्या मेक्सिकोच्या सामन्यासाठी उशिरा येत होते.

संघटित समर्थकांचा पहिला देशव्यापी गट ‘सॅम्स आर्मी’. १९९४ च्या विश्वचषकानंतर तो उभा राहिला आणि ‘सगळ्यांनी लाल घाला’ हा त्याचा साधा नियम होता. १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर ही क्लबांची व्यावसायिक लीग सुरू झाल्यावर वॉशिंग्टनच्या ‘बारा ब्रावा’ने लॅटिन अमेरिकी ड्रम आणि उड्या आणल्या, तेथील जुन्या आरएफके स्टेडियमचे सरकवता येणारे स्टँड त्या उड्यांनी अक्षरशः हलत. पोर्टलंड व सिएटलच्या गटांनी पुढे गाणी आणि पडद्यांची कला वाढवली. ‘अमेरिकन आउटलॉज’ ही संघटना मात्र २००७ मध्ये नेब्रास्कातील लिंकन या शहरात सुरू झाली, जेथे लीगमधला एकही क्लब नव्हता. हेच तिच्या बळाचे रहस्य म्हणता येईल. क्लबशी न बांधलेला समर्थक राष्ट्रीय संघाशी बांधला गेला आणि शाखांची संख्या सुमारे दोनशेपर्यंत पोहोचली.

शाखा म्हणजे प्रत्यक्षात एक ठरलेला बार आणि दर सामन्याला तेथे येणारी पंचवीस-तीस माणसे. बारशी बोलताना तीन गोष्टी आधीच पक्क्या कराव्या लागतात: मोठ्या पडद्यावर हाच सामना लागेल, आवाज याच सामन्याचा असेल, आणि वेळ आडनिड असली तरी दार उघडे राहील. पहिल्या दोन अटी फुकाच्या वाटतात, पण शरद ऋतूत शनिवारी कॉलेजचा व रविवारी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा सामना असतो. लेखी बोलणे नसेल तर मालक नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी आवाज तिकडे वळवतो आणि शाखा दोन महिन्यांत विरते. तिसरी अट किती अवघड, हे या शाखा निघण्याआधीच २००२ मध्ये दिसले होते. दक्षिण कोरियातील मेक्सिकोविरुद्धचा बाद फेरीचा सामना न्यूयॉर्कच्या घड्याळात पहाटे अडीचला होता आणि अनेक राज्यांत दोननंतर मद्यविक्री बंद असते. अशा वेळी कॉफी आणि न्याहारीवर बार चालवायची तयारी लागते. शाखेचा खरा उपयोग सामना गावात आल्यावर दिसतो. आदल्या रात्रीची बैठक, स्टेडियमच्या वाहनतळावरचे टेलगेट (गाड्यांपाशी जमून खाणेपिणे), तेथून दीड-दोन किलोमीटर गात जाण्याची मिरवणूक व पोलिसांची परवानगी हे सारे स्थानिक माणसांच्याच गळ्यात पडते. बाहेरून आलेल्याला वाहनतळाचा कुठला कोपरा मिळेल हेही ठाऊक नसते.

तिकिटे हा सर्वांत नाजूक भाग. महासंघ गोलपोस्टमागचा एक सलग भाग राखून ठेवतो आणि सभासदांना आगाऊ विक्रीचे कोड देतो. या भागाला काही अटी असाव्या लागतात. जागा सलग हवी. मधे रांगा विकल्या की गाणे तुटते. खुर्ची क्रमांकाशिवायची असेल तर उत्तम, नाहीतर ओळखीचे लोक विखुरतात आणि ‘खाली बसा’ म्हणणारे मधे येतात. तिकिटावर ‘येथे पूर्ण वेळ उभे राहतात’ असे छापलेले हवे. आणि किंमत स्टेडियमातली सर्वांत कमी हवी. २०२४ च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी स्पर्धेत तिकिटे महाग होती. यजमान अमेरिका गटातच बाद झाली आणि तिच्या सामन्यांनाही रिकाम्या जागा दिसल्या. २०२६ च्या विश्वचषकासाठी अमेरिकेच्या पॅराग्वेविरुद्धच्या पहिल्या सामन्याच्या सर्वांत वरच्या गटाच्या तिकिटाचा भाव अडीच हजार डॉलरांहून अधिक ठेवला गेला. टीका झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये फिफाने ६० डॉलरांचे तिकीट जाहीर केले, पण ते प्रत्येक राष्ट्रीय संघटनेला मिळणाऱ्या ८ टक्के वाट्यापैकी दहाव्या भागापुरतेच. सत्तर हजार तिकिटे धरली तर वाटा ५,६०० चा आणि स्वस्त तिकिटे ५६०. विद्यार्थी व तरुण कामगार हेच स्टँडमधले सर्वांत मोठे आवाज असतात. ते बाहेर राहिले की उरलेला प्रेक्षक पाहतो, गात नाही.

आता गाण्याचे तंत्र. मैदानाकडे पाठ करून उंच चौथऱ्यावर उभा असलेला कॅपो मेगाफोनवरून गाणे उचलतो. मोठ्या स्टँडला एकाहून अधिक कॅपो लागतात आणि त्या सर्व कॅपोंनी एकाच मुख्य कॅपोकडे पाहायचे असते. ढोल-ताशा पथकात ताशा लय धरतो व ढोल त्यावर पडतात, तसा येथे स्नेअर (लहान, कडक आवाजाचा ड्रम) पुढे आणि बेस (मोठा ड्रम) मागे. ड्रम स्टँडच्या मध्यभागी, खालच्या रांगांत ठेवतात. टोकाला ठेवले तर दुसऱ्या टोकाला ठेका उशिरा पोहोचतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि मैदान १०५ मीटर लांब, म्हणजे समोरच्या गोलामागे घोषणा ०.३ सेकंद उशिराने ऐकू येते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधले अंतर ०.५ सेकंदाचे असते. समोरचा स्टँड कानाने साथ देऊ लागला की निम्म्या ठोक्याहून जास्त मागे पडतो आणि सगळे स्टेडियम गोंधळते. म्हणून दोन टोकांना एकच गाणे म्हणायला लावण्याऐवजी सवाल-जवाबाच्या घोषणा द्याव्यात.

‘आय बिलीव्ह दॅट वी विल विन’ (आपण जिंकणार असा माझा विश्वास आहे) ही घोषणा याच कारणाने फोफावली. ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नौदल अकादमीच्या पूर्वतयारी शाळेत जन्मली, कॉलेजच्या मैदानांवरून फुटबॉलमध्ये आली आणि २०१४ च्या ब्राझील विश्वचषकात सर्वतोमुखी झाली. चाल नाही, शब्द एकेक वाढत जातो, नवखाही दुसऱ्या फेरीत सामील होतो. पण ती एका मिनिटात संपते. संघ ०-२ ने मागे असताना ती पोकळ वाटते आणि तासात पाच वेळा दिली की कंटाळवाणी होते. तिच्यावरच विसंबणे हे गाण्यांच्या गरिबीचे लक्षण आहे. संथ चालीचे, तीन-चार मिनिटे सलग म्हणता येईल असे गाणे संघ दबावाखाली असताना उपयोगी पडते, आणि तशी गाणी फार कमी आहेत. पोर्टलंडचा आणि सिएटलचा समर्थक एकमेकांची गाणी तोंडातून काढणार नाही. तेव्हा क्लबच्या चाली उसन्या न घेता नव्या रचाव्या लागतात. ध्वनिक्षेपकाचा त्रास वेगळाच. बेसबॉल-बास्केटबॉलच्या सवयीने प्रत्येक थांब्याला संगीत वाजते व पडद्यावर ‘आवाज करा’ असे झळकते. सामन्याआधीची शेवटची पाच मिनिटे आणि खेळ सुरू असताना ध्वनिक्षेपक बंद राहील, एवढे मैदान व्यवस्थापनाकडून लिहून घेणे कुठल्याही ड्रमपेक्षा जास्त कामाचे.

रंगवलेल्या पडद्याला टिफो म्हणतात. १० × १५ मीटरच्या पडद्याला दीड मीटर पन्ह्याच्या, १५ मीटर लांबीच्या सात पट्ट्या शिवाव्या लागतात. चित्र प्रोजेक्टरने कापडावर पाडून रेषा काढतात. पाण्यात मिसळणारा घरगुती रंग एका लिटरात ६ ते ८ चौरस मीटर जातो, म्हणजे पूर्ण रंगवायला १९ ते २५ लिटर. वाळलेल्या पडद्याचे वजन ३० किलोच्या आसपास भरते. रंग दाट लावला तर घडीत चिकटतो आणि उलगडताना सोलून निघतो. कापड ज्वालारोधक असल्याचा एनएफपीए ७०१ या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकाचा दाखला बहुतेक स्टेडियमे मागतात. रंगवल्यानंतर फवारलेले रसायन त्यांना चालेलच असे नाही, म्हणून प्रमाणित कापडच घ्यावे. मजकुराची मंजुरी काही आठवडे आधी लागते. घडी अशी घालायची की वरची कड आधी हाताला येईल. राष्ट्रगीत संपल्यापासून सामना सुरू होईपर्यंत मिनिट-दीड मिनिट मिळते. पडदा वर ओढणारी दोरी कप्पीत अडकली तर अर्धा पडदा लोंबकळत राहतो आणि मागच्या हजार लोकांना सुरुवातीची मिनिटे दिसत नाहीत. वारा असेल तर सरळ रद्द करावे.

लॅटिनो प्रेक्षकाकडे परका म्हणून पाहणे ही या संस्कृतीची जुनी चूक. अमेरिकेत जन्मलेला मुलगा आजोबांच्या संघाचा शर्ट घालतो यात निष्ठेचा प्रश्न नाही. त्याच्यासाठी अमेरिकेच्या स्टँडमध्ये जागाच ठेवलेली नसते. टेक्सासमधील एल पासोचा खेळाडू रिकार्डो पेपी २०२१ मध्ये मेक्सिकोऐवजी अमेरिकेकडून खेळू लागला. खेळाडू पलीकडून येतात तर प्रेक्षकही येतील, पण त्यासाठी स्पॅनिश गाणी आणि स्पॅनिश बोलणारे कॅपो हवेत. स्थलांतरितांची टिंगल करणाऱ्या घोषणा देणाऱ्याला त्याच क्षणी बाहेर काढायला हवे. शिव्यांचेही तसेच. जून २०२३ मध्ये लास व्हेगासला मेक्सिकोच्या प्रेक्षकांच्या भेदभावी घोषणेमुळे पंचाने सामना वेळेआधी संपवला. अमेरिकन स्टँडमध्येही गोलकिकच्या वेळी गोलरक्षकाला शिवी देण्याची सवय क्लब सामन्यांतून आलेलीच आहे.

महिला संघाचा प्रेक्षक निराळा. मुली, आईवडील, शाळांचे गट. त्यांना बिअरचे टेलगेट आणि सतत उभे राहणे नको असते. पुरुषांच्या स्टँडची नक्कल तेथे चालत नाही. तरी ७ जुलै २०१९ रोजी लियाँमध्ये विश्वचषक जिंकल्यावर याच गर्दीने समान वेतनाची घोषणा दिली आणि २०२२ मध्ये महासंघाने दोन्ही संघांशी समान वेतनाचे करार केले. या देशातील समर्थकांची सर्वांत परिणामकारक घोषणा तीच ठरली.

परदेशातील पात्रता सामन्यांना शे-दोनशेच समर्थक जातात. मध्य अमेरिकेत त्यांना पोलिसांच्या बंदोबस्तात आणतात, दोन-तीन तास आधी आत सोडतात आणि मैदान रिकामे होईपर्यंत बाहेर पडू देत नाहीत. वरच्या स्टँडमधून पेय किंवा त्याहून घाण द्रव भरलेल्या पिशव्या पडतात, म्हणून शक्य असेल तेथे छताखालची जागा मागावी. मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचीवर आहे; तेथे पहिल्या दिवशी उड्या मारत गाणारा उत्तरार्धात धापा टाकतो. रंगीत शर्ट आत पोहोचेपर्यंत जॅकेटखाली ठेवावा, पारपत्राची प्रत खिशात व मूळ हॉटेलात असावे, ड्रमला परवानगी नाही असे गृहीत धरून टाळ्यांवर चालणारी चार गाणी तयार ठेवावीत.