झायलॅझिन (गुरांवरील परिणाम)

झायलॅझिन हे जनावरांना गुंगी आणणारे औषध. जर्मनीतील बायर कंपनीने ते १९६२ मध्ये तयार केले. माणसाचा रक्तदाब उतरवण्यासाठी ते आधी अजमावले गेले. पण गुंगी फार येई, म्हणून पुढे ते जनावरांच्या दवाखान्यातच स्थिरावले. शिंगे काढणे, खूर साळणे, सडाची जखम शिवणे अशा कामांपूर्वी ते टोचतात.

मेंदूतील आल्फा-२ ग्राहींवर (पेशींवरील, औषध जिथे चिकटते त्या जागांवर) काम करून ते नॉरॲड्रेनालिन या जागे ठेवणाऱ्या रसायनाचा स्राव रोखते. मान खाली जाते, लाळ गळू लागते, स्नायू सैलावतात आणि बहुधा गाय बसते. हृदयाचे ठोके मंदावतात. रक्तदाब क्षणभर चढून मग बराच वेळ उतरलेला राहतो.

घोड्याला शिरेतून प्रतिकिलो सुमारे १.१ मिलिग्रॅम लागते, गायीला त्याचा दहावा हिस्सादेखील पुरतो. डुकरावर मात्र ते फारसे चालत नाही. औषध मिलिलिटरला २० आणि १०० मिलिग्रॅम अशा दोन्ही तीव्रतांत मिळते. घोड्यासाठीची तीव्र बाटली गायीसाठी उघडली, तर मात्रेची चूक सहज होते.

रवंथ करणाऱ्या जनावरात खरा धोका मेंदूपेक्षा पोटात असतो. कोठीपोटाची (चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटाची) हालचाल थांबते, ढेकर बंद होते आणि डावी भकाळी (बरगड्यांमागची खोलगट बाजू) फुगते. वायूचा दाब श्वासपटलावर येऊन श्वास अपुरा पडतो. त्यातच चारापाणी उलटून फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया ठरलेला. म्हणून मोठ्या जनावराला आधी उपाशी ठेवतात, कुशीवर पडू न देता छातीवर बसवतात आणि लाळ बाहेर वाहावी म्हणून तोंड उतरते ठेवतात. मेंढीत नेहमीच्या मात्रेनेही फुफ्फुसात पाणी होऊन रक्तातील ऑक्सिजन घटू शकतो.

इन्शुलिनचा स्राव दबल्याने रक्तातील साखर वाढते, लघवीही भरपूर होते. मूतखडा अडकलेल्या बोकडाचे मूत्राशय त्यामुळे फुटू शकते. गर्भाशय आकुंचन पावत असल्याने शेवटच्या महिन्यांतील गाभण गायीला हे औषध टाळतात.

गुंगीत दिसणारी गायही अचानक लाथ मारते, तेव्हा जागा बधिर करणारे इंजेक्शन वेगळे द्यावेच लागते. उतारा म्हणून टोलाझोलिन, योहिम्बिन किंवा अटिपामेझोल वापरतात. गायीत योहिम्बिनपेक्षा टोलाझोलिन भरवशाचे. उताऱ्याने गुंगीबरोबर झायलॅझिनचे वेदनाशमनही जाते.