जिराफाच्या उंचीचा हिशेब

पाणवठ्यावर आलेला जिराफ लगेच पाणी पीत नाही. बराच वेळ उभा राहून तो चारी दिशांचा अंदाज घेतो. मग पुढचे पाय फाकवतो आणि मान खाली सोडतो. मान लांब असली तरी पायही तितकेच उंच, त्यामुळे नुसते वाकून त्याचे तोंड जमिनीला टेकत नाही. अशा अवघडलेल्या स्थितीत सिंहाने झडप घातली, तर सावरून पळायला वेळ मिळणे कठीण. पाण्याची बरीचशी गरज तो पाल्यातूनच भागवतो आणि पाण्यावाचून कित्येक दिवस काढतो.

या वाकण्यात त्याच्या शरीरात जे घडते, ते मला त्याच्या उंचीपेक्षाही थक्क करते. पूर्ण वाढलेला नर साडेपाच मीटरपर्यंत उंच होतो. त्याचा मेंदू हृदयापासून जवळजवळ २ मीटर वर असतो. तिथवर रक्त चढवायचे, तर दाबही तसाच हवा. जिराफाचा रक्तदाब माणसाच्या साधारण दुप्पट असतो आणि तो पेलण्यासाठी हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत चांगलीच जाड झालेली असते. मान खाली गेली की पंचाईत उलटी होते. तेच रक्त आता डोक्याकडे लोटू लागते. मेंदूच्या तळाशी असलेले बारीक धमन्यांचे जाळे हा लोंढा सोसते, तर मानेतल्या मोठ्या शिरांमधल्या झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत. पायांमध्ये रक्त साचू नये, म्हणून तिथली कातडी घट्ट पायमोज्यासारखी आवळलेली असते.

माणसाचा रक्तदाब वर्षानुवर्षे इतका राहिला, तर हृदय आणि मूत्रपिंडे खराब होतात. जिराफाला हा त्रास का होत नाही? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जिराफाच्या एका जनुकातले खास बदल उंदरांमध्ये घडवून आणले गेले. रक्तदाब वाढवणारे औषध देऊनही त्या उंदरांना साध्या उंदरांसारखा त्रास झाला नाही, शिवाय त्यांची हाडे अधिक दाट भरली. एका जनुकाने सगळा उलगडा होणार नाही, पण उच्च रक्तदाबाने त्रासलेल्या माणसांसाठीही ही वाट महत्त्वाची आहे.

इतका खटाटोप ज्या मानेसाठी, तिच्यात मणके मात्र माणसाइतकेच, सात. फक्त एकेक मणका पाव मीटरच्या घरात. मान लांब का झाली, यावर अजून वाद आहे. उंचावरचा पाला मिळावा म्हणून, हे उत्तर आपण शाळेपासून ऐकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रयोगात काही झाडांना कुंपण घालून लहान प्राण्यांना दूर ठेवले. एरवी जिराफाला उंच फांद्यांवर प्रत्येक घासाला जास्त पाला मिळत असे. कुंपणातल्या झाडांवर तो फरक उरला नाही. म्हणजे खाली चरणाऱ्यांशी असलेली स्पर्धा खरी आहे. दुसरीकडे, माद्या अनेकदा मान आडवी ठेवून खांद्याच्या उंचीवरच चरतात, आणि नर मान फिरवून डोक्याचे जबर तडाखे एकमेकांना देत झुंजतात. म्हणून काही अभ्यासक या झुंजींना अधिक महत्त्व देतात. माझा कल पाल्याकडे आहे, कारण माद्यांची मानही काही आखूड नाही.

बाभळीच्या कुळातले काटेरी वृक्ष हे जिराफाचे आवडते खाद्य. सुमारे ४५ सेंटिमीटरची काळपट जीभ काट्यांमधून पाने ओरबाडून काढते. मग रवंथ सुरू झाले, की घास मानेतून वर चढताना बाहेरूनही दिसतो.

मादी सुमारे १५ महिने गाभण राहते आणि उभ्यानेच विते. पिल्लू जन्मतः माणसाएवढे उंच असते. ते उंचावरून खाली पडते आणि तासाभरात उठून उभे राहते. त्याची शिंगे जन्माच्या वेळी डोक्यावर चपटी पडलेली असतात, मागाहून ती उभी होतात. पुढचे वर्ष फार कठीण. सिंह आणि तरस यांच्यामुळे कित्येक ठिकाणी निम्म्याच्या आसपास पिल्ले पहिला वाढदिवस पाहत नाहीत. आई खुरांच्या लाथांनी सिंहालाही मागे सारू शकते, पण ती सदैव जवळ नसते. माद्या पिल्लांना एकत्र ठेवून आळीपाळीने चरायला जातात.

जिराफांना आपसांत नातीगोती नसतात, असे फार काळ समजले जाई, कारण त्यांचा कळप तासातासाला बदलतो. आता निरीक्षणे वेगळेच सांगतात: माद्या ठरावीक मैत्रिणींबरोबर राहतात. २०२१ च्या एका अभ्यासानुसार, पिल्ले होण्याचे वय उलटल्यावरही मादी आयुष्याचा तीस टक्क्यांपर्यंतचा काळ जगते. अशा म्हाताऱ्या माद्यांचा कळपाला उपयोग होत असावा, असे या अभ्यासकांचे म्हणणे आहे आणि ते मला पटते.

जिराफ एकच प्रजाती नाही, हेही आता मान्य झाले आहे. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने उत्तरी, जाळीदार, मसाई आणि दक्षिणी अशा चार प्रजाती स्वीकारल्या. त्यामुळे एकूण आकड्याआड लपलेले संकट उघडे पडले. दक्षिणी जिराफ सुमारे ६९ हजार आहेत, तर उत्तरी जेमतेम ७ हजार. उत्तरी जिराफांपैकीच पश्चिम आफ्रिकेतले जिराफ १९९०च्या दशकाच्या मध्यास ४९ उरले होते, तेही फक्त नायजर देशात. शिकारीवरची बंदी कडक झाली, गावकऱ्यांना संवर्धनात सहभागी करून घेतले गेले, आणि आज त्यांची संख्या सहाशेच्या वर आहे. राजधानी नियामेजवळच्या कुरे भागात हे जिराफ कुंपणाविना, माणसांच्या शेतांलगतच चरतात.