गळ्यावर बोट ठेवून ‘ॲडव्हाइज’ म्हणा

गेल्या बेदाणा हंगामात एका सकाळी तासगावहून पुतण्याचा फोन आला. “काका, बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक सल्ला मागतंय. मी लिहून ठेवलंय, तेवढं इंग्रजी तपासून द्या की.”

त्याचा बेदाण्याचा धंदा आहे आणि अलीकडे तो थोडा माल परदेशी पाठवायला लागला आहे. गिऱ्हाइकाचा मेल तीन ओळींचा होता. कंटेनर बंदरात आला आहे, कागदपत्रं अजून मिळाली नाहीत, ‘प्लीज ॲडव्हाइज’. पठ्ठ्यानं रात्री जागून सव्वा पान सल्ला लिहिला होता. बंदरातल्या एजंटाशी कसं बोलावं, बेदाणा शीतगृहात का ठेवावा, पेट्या भिंतीला चिकटवून रचू नयेत, असं सगळं. शेवटी ‘बाकी आपण जाणकार आहात’ हेही होतं. गिऱ्हाइकाला हवा होता फक्त कुरिअरचा नंबर.

यात पुतण्याला हसण्यासारखं काही नाही. आपल्याला शाळेत ‘ॲडव्हाइज म्हणजे सल्ला देणे’ एवढंच शिकवलं जातं. पण व्यापाराच्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘कळवणे’ असाही आहे, आणि तो काही नवा नाही. बँक ‘क्रेडिट ॲडव्हाइस’ पाठवते, त्यात बँक आपल्याला काय करावं हे सांगत नसते, खात्यात रक्कम जमा झाली एवढंच कळवते. अमेरिकेत पोलिस आरोपीला त्याच्या हक्कांबद्दल ‘ॲडव्हाइज’ करतात, तिथंही कुणी शहाणपण शिकवत नसतं. वाक्यात खूण सापडते. पुढे माणूस आणि मग ‘टू’ आलं तर सल्ला, माणूस आणि मग ‘ऑफ’ आलं तर खबर. नुसतं ‘प्लीज ॲडव्हाइज’ आलं तर समोरचा बहुधा घाईत असतो आणि त्याला माहिती हवी असते.

एकाच क्रियापदात हे दोन अर्थ कुठून आले? जुन्या फ्रेंचमध्ये एक बोलण्याची रीत होती, तिचा अर्थ आपल्या ‘मला असं दिसतं’सारखा. त्यातल्या ‘दिसतं’पासून ‘आवी’ हा शब्द झाला. मला जे दिसतं ते माझं मत, आणि तेच दुसऱ्याला सांगितलं की सल्ला होतो, खबरही होते. फ्रेंचमध्ये आजही ‘आवी’ म्हणजे मत आणि सूचनाफलकावरची सूचनाही. इंग्रजीत शब्द आला तेव्हा त्यात ‘ड’ नव्हता. पुढे लॅटिन जाणणाऱ्या लेखनिकांनी मुळाशी जवळीक दाखवायला तो घुसवला, आणि लोक तो उच्चारायलाही लागले.

मुळाशी असलेली लॅटिन क्रिया म्हणजे ‘पाहणे’. व्हिसा, व्हिडिओ, रिव्हिजन, सुपरव्हायझर ही सगळी त्याच घरातली. (सुपरव्हायझर म्हणजे वरून पाहणारा. आपला मुकादम.) त्याही मागे गेलं तर हीच धातू संस्कृतात ‘विद्’ म्हणून भेटते. वेद, विद्या, विद्वान. म्हणजे ‘ॲडव्हाइज’ आणि ‘विद्या’ लांबची चुलत भावंडं निघाली. आता हे वाचून कुणी ‘बघा, इंग्रजीसुद्धा संस्कृतातूनच निघाली’ असा फॉरवर्ड पाठवणार असेल तर हात जोडतो. भावंडांपैकी एक दुसऱ्याची आई होत नसते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका सामायिक मुळातून आल्या असाव्यात, जे मूळ आता बहुधा उरलेलं नाही, हे विल्यम जोन्स या न्यायाधीशानं १७८६ साली कलकत्त्यात मांडलं, आणि त्यानंतरच्या सव्वादोनशे वर्षांच्या अभ्यासानं ते पक्कंच केलं आहे.

आपला ‘सल्ला’ अरबी घराण्यातला, फारसीच्या हातून आलेला. ‘मसलत’ही त्याच धातूची. तिथं मूळ कल्पना पाहण्याची नाही, नीट करण्याची, भलं होण्याची आहे. ‘सल्लामसलत’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा म्हणतो.

असो. मला खरं सांगायचंय ते वेगळंच.

पुतण्याच्या सव्वा पानात नाम आणि क्रियापद सरमिसळ झालेलं होतं. नामाच्या जागी ‘ज’ उच्चाराचं स्पेलिंग (advise), क्रियापदाच्या जागी ‘स’ उच्चाराचं (advice). मी म्हटलं, “अरे, नाम ॲडव्हाइस, क्रियापद ॲडव्हाइज.” तो म्हणाला, “काका, दोन्ही तेच ऐकू येतंय.” म्हणून मी त्याला फोनवरच गळ्यावर बोट ठेवायला लावलं. शेडच्या दारात, कंठमण्यावर दोन बोटं ठेवून हा ‘स्स्स्स’ म्हणतोय आणि मग भुंग्यासारखं ‘झ्झ्झ्झ’. मागून हमालांचं हसणं मला फोनवर स्पष्ट ऐकू आलं.

तुम्हीही करून पाहा. ‘स्स्स्स’ला बोटाखाली काही नाही. ‘झ्झ्झ्झ’ला गुणगुण. जीभ आणि दात दोन्ही वेळा जवळजवळ त्याच जागी आहेत, फरक पडतो तो खाली, स्वरयंत्रात. शाळेत आपण याला कठोर आणि मृदू व्यंजनं म्हणतो. प्रातिशाख्यं, म्हणजे वेदांच्या उच्चारांचे प्राचीन ग्रंथ, लिहिणाऱ्यांनी तर कंठाचं छिद्र उघडं असेल तर ‘श्वास’, मिटतं घेतलं तर ‘नाद’, इतकी नेमकी मांडणी करून ठेवली होती. युरोपातल्या ध्वनिशास्त्राला ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे एकोणिसाव्या शतकात, संस्कृत व्याकरण वाचल्यावर उमगली. हा अभिमान मात्र खुशाल बाळगा.

स्वरयंत्रात दोन मऊ पट्ट्या असतात, दीड-दोन सेंटिमीटरच्या. ‘झ्झ्झ्झ’ म्हणताना पुरुषाच्या पट्ट्या सेकंदाला साधारण सव्वाशे वेळा उघडतात-मिटतात, बाईच्या दोनशेच्या आसपास. आता प्रश्न असा, की एवढ्या वेगानं त्यांना हलवतं कोण? सरळ उत्तर सुचतं: मेंदू. फ्रान्समध्ये राउल ह्युसाँ यांनी १९५० साली हेच म्हटलं होतं. प्रत्येक कंपनाला मज्जातंतूतून एक स्वतंत्र ठोका येतो, असं. ऐकायला पटतं, पण साफ चूक आहे. डाव्या पट्टीकडे जाणारी मज्जातंतूची फांदी आधी छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालून परत वर येते, त्यामुळे ती उजवीपेक्षा बरीच लांब असते. असे ठोके येत असते तर डावी पट्टी सतत मागे पडली असती. आणि त्याहून मोठा पुरावा तर दोनशे वर्षं आधीच होता. अंतोआन फेरँ या वैद्यानं १७४१ साली मृतदेहातून काढलेल्या स्वरयंत्रात हवा फुंकली आणि ते वाजलं. तिथं ना मेंदू, ना ठोका.

मग होतं काय? मेंदू फक्त पट्ट्या जवळ आणतो आणि ताणतो. पुढचं काम हवा करते. फुप्फुसातून आलेली हवा मिटलेल्या पट्ट्यांखाली दाब वाढवते. दाब पुरेसा झाला की पट्ट्यांची खालची कड आधी सुटते, मग वरची, आणि हवेचा झोत निसटतो. झोत निसटताच फटीतला दाब घटतो, पट्ट्यांचा स्वतःचा लवचीकपणा त्यांना मागे खेचतो आणि त्या पुन्हा मिटतात, मिटतानाही खालची कड आधी. की लगेच पुन्हा दाब. वरची आणि खालची कड अशी मागेपुढे हलते म्हणूनच हवेकडून पट्ट्यांना दर फेरीला थोडी ऊर्जा मिळत राहते आणि कंपन विझत नाही. हवेचा दाब आणि पट्ट्यांचा लवचीकपणा हा खुलासा नेदरलँड्सच्या फान डेन बर्ग यांनी १९५८ साली नीट मांडला, कडांच्या मागेपुढे हलण्याचं महत्त्व पुढच्या संशोधकांनी दाखवलं. फान डेन बर्ग यांच्या शंभर वर्षं आधी, १८५४ साली, मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकानं आरशांवर ऊन घेऊन स्वतःच्याच घशातल्या पट्ट्या हलताना पाहिल्या होत्या. गाणं शिकवणारा माणूस, आणि हौस ही!

आता ‘ज’ची खरी अडचण. पट्ट्या हलायला खाली दाब जास्त आणि वर कमी लागतो. पण ‘ज’ म्हणताना आपण वर, दातांपाशी, जिभेनं वाट अरुंद करतो. सळसळ तिथंच होते ना! शेतातल्या एकाच पाइपवर दोन कॉक आहेत असं समजा. पुढचा कॉक आवळला की मधल्या पाइपात पाणी तुंबतं आणि मागच्या कॉकच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला लागतो. तसंच इथं तोंडात हवा तुंबते आणि खालच्या पट्ट्यांचं हलणं मंदावतं. ते टिकवायला दातांपाशी वाट मोकळी केली तर सळसळ जाते, आणि सळसळ टिकवली तर गुणगुण जाते. म्हणून शब्दाच्या शेवटी ‘ज’ धरून ठेवणं ही कसरत आहे. जर्मन भाषेनं हा नाद सोडूनच दिला, तिथं शब्दाच्या शेवटचा ‘ज’ सरळ ‘स’ होतो. इंग्रजांनी सोडला नाही, पण त्यांचाही ‘ॲडव्हाइज’मधला शेवटचा ‘ज’ अर्ध्या वाटेतच बऱ्याचदा विझलेला असतो. खास करून त्यानंतर वाक्य संपत असेल तर.

मग त्यांना फरक कळतो कशावरून?

शेवटच्या व्यंजनातल्या गुणगुणीवरून फारसा नाही, मुख्यतः त्याच्या आधीच्या स्वरावरून. ‘ॲडव्हाइज’मधला ‘आइ’ लांब असतो, ‘ॲडव्हाइस’मधला आखूड. मृदू व्यंजनाआधी स्वर थोडा लांबणं अनेक भाषांत आढळतं, पण इंग्रजीत ते फारच ठळक आहे. आखूड स्वर दोन मोजला तर लांब साधारण तीन. लंडनमध्ये पीटर डेनेश यांनी १९५५ साली याचा सुंदर प्रयोग केला. त्यांनी शब्द घेतला ‘यूस’ आणि ‘यूज’, म्हणजे उपयोग आणि वापरणे, हीच नाम-क्रियापदाची जोडी. शेवटी अस्सल ‘स’ ठेवला, पण आधीचा स्वर लांबवला आणि ‘स’ आखूड केला. ऐकणाऱ्यांना ‘ज’ ऐकू आला! ध्वनीत नसलेला ‘ज’ कानानं स्वतःच भरून काढला.

मी हा उद्योग घरी केला. ‘प्रात’ नावाचं ध्वनी मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात माझ्या ‘ॲडव्हाइस’चा स्वर ताणला, ‘स’ कापून निम्मा केला. बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, “दोन्ही तेच. आणि गॅस बंद करा.” भाचीचा मुलगा इंग्लंडात जन्मलेला आहे, त्याला व्हिडिओ कॉलवर ऐकवलं. तो पहिल्या फटक्यात म्हणाला, हे नाम, हे क्रियापद. दोन माणसांवरच्या या प्रकाराला प्रयोग म्हणायचं नसतं हे मला माहीत आहे. पण मजा आली.

आपल्या कानाला तो फरक का जाणवत नाही, याचा अंदाज करता येतो. ‘वीस’ आणि ‘वीज’ मोठ्यानं म्हणा. आपण दोन्हीकडे दीर्घ ‘वी’च लिहितो. मराठीत अकारान्त शब्दातली उपान्त्य वेलांटी दीर्घ, पुढे ‘स’ असो की ‘ज’, हा नियम लहानपणी पाठ केलेला. स्वराची लांबी आपल्याला पुढच्या व्यंजनाबद्दल काही सांगते, हे आपल्या डोक्यातच नसतं. उलट एक सोय आपल्याकडे आहे. ‘आवाज’मधला ‘ज’ आणि ‘जीवन’मधला ‘ज’ वेगळे, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ‘ॲडव्हाइज’साठी आवाजातला ‘ज’ घ्यायचा, फक्त जीभ वर टेकू न देता हवा वाहती ठेवायची. आणि ‘आइ’ निवांत लांबवायचा. बस्स. लहान मुलाच्या जिभेला वेखंड उगाळून लावलं की उच्चार साफ येतात, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात. उच्चार ऐकण्यानं आणि करण्यानं येतात. वेखंडानं तोंड कडू होतं.

नाम कठोर आणि क्रियापद मृदू हे असं का, तेही थोडक्यात. जुन्या क्रियापदांना शेवटी प्रत्यय असायचा, त्यामुळे ‘स’ दोन स्वरांच्या मध्ये सापडून ‘ज’ व्हायचा. फ्रेंचमध्ये तसंच झालं, जुन्या इंग्रजीतही. पुढे प्रत्यय गळाला, ‘ज’ राहिला. हाउस-हाउज, बिलीफ-बिलीव्ह, ब्रेथ-ब्रीद या सगळ्या त्याच साच्यातल्या जोड्या.

व्याकरणाचं एकच सांगतो. नाम ‘ॲडव्हाइस’ सल्ल्याच्या अर्थानं मोजता येत नाही. आपण चार सल्ले देतो, इंग्रजीत ते पाण्यासारखं, अनेकवचन नाही. खबरेच्या अर्थानं मात्र बँका अनेकवचन करतात.

आमच्याकडे पावसाळ्यात या शब्दाचं आणखी एक रूप ऐकू येतं: ‘ॲडव्हायझरी’. हवामान खात्याचा शेतीसल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, त्यात फवारणी आज करू नका वगैरे असतं, तो खरा सल्ला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ च्याही वर गेली होती. तिथं ‘ॲडव्हाइज’ म्हणजे ‘आपल्याला असं दिसतंय’ एवढंच नसतं, सामान माळ्यावर टाका आणि निघा असं असतं. जॉन सर्ल या तत्त्वज्ञानं सल्ल्याची व्याख्या करताना म्हटलंय, की सल्ला ही विनंती नव्हे. ऐकणाऱ्याच्या भल्याचं काय आहे ते सांगणं म्हणजे सल्ला. गल्लीत पाणी शिरल्यावर आमच्या पिढीतले काही जण तरीही त्याला विनंती समजून घरी बसतात.

पुतण्याचं सव्वा पान मी दोन ओळींवर आणलं: कागद अमुक तारखेला निघाले, कुरिअरचा नंबर हा. पंधरा दिवसांनी त्याचा पुन्हा फोन.

“काका, बँकेचा सल्ला आलाय.”

“काय म्हणते बँक?”

“पैसे जमा झाले म्हणते.”

‘सल्ला’ म्हणताना ‘ल्ला’वर त्यानं मुद्दाम जोर दिला होता. मी विचारलं, इंग्रजीत काय म्हणायचं याला, स की ज? पलीकडे क्षणभर शांतता. मग “स्स्स्स” असा आवाज आला, आणि मागे पुन्हा हमालांचं हसणं.