स्टॅबिलायझर होता तरी टीव्ही का उडाला?

एप्रिल-मेमधे वळीव सुरू झाला की रिपेअरवाल्यांकडे टीव्ही, राउटर, एसीचे पीसीबी (आतले सर्किट बोर्ड) यायला लागतात आणि गिऱ्हाईक हमखास म्हणतं, अहो आमच्याकडे स्टॅबिलायझर होता की! होता, पण त्याचं काम वेगळं. त्याच्यातला रिले हलायलाच काही मिलीसेकंद लागतात, तोवर आकाशातल्या विजेचा सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा क्षणभराचा मोठा झटका, मायक्रोसेकंदांत येऊन पीसीबी मारून गेलेला असतो. एमसीबीचंही, म्हणजे फॉल्ट झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचचंही, तेच. आणि वीज तुमच्याच गच्चीवर पडायला हवी असं काही नाही, जवळपास कुठे पडली तरी खांबावरच्या तारांत हजारो व्होल्ट उठू शकतात.

यासाठी असतं ते एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. आत बहुतेक वेळा एमओव्ही असते, झिंक ऑक्साइडची छोटी चकती. 230 व्होल्टला ती जवळजवळ काहीच करंट सोडत नाही, व्होल्टेज एका मर्यादेच्या वर गेलं की क्षणात वाट मोकळी करते आणि सर्ज अर्थिंगकडे वळवते. म्हणजे अर्थिंग धड नसेल तर कितीही महागडं एसपीडी बसवा, तो करंट जाणार कुठे? जुन्या बिल्डिंगमधे थ्री पिन सॉकेटच्या मागे अर्थची वायरच नसते असं सर्रास दिसतं, त्यामुळे आधी ते चेक करून घ्या, खरेदी नंतर.

घरच्या डीबीमधे, म्हणजे एमसीबी बसवलेल्या डब्यात, साधारण टाइप 2 एसपीडी (तारांतून येणाऱ्या सर्जसाठीचं) चालतं. बिल्डिंगवर लायटनिंग अरेस्टर असेल तर मेन पॅनलला टाइप 1 (थेट पडलेल्या विजेचा करंट पेलणारं) पण लागतं. एसपीडीच्या डब्यावर लोक फक्त किलोअँपिअर, म्हणजे किती मोठा सर्ज करंट पेलेल ते, बघतात, 40 लिहिलंय म्हणजे भारी. पण यूसी (Uc) बघा, म्हणजे किती व्होल्टेज ते कायम सहन करेल, आपल्याकडे रात्री लोड कमी झाला की व्होल्टेज चढतं म्हणून मी तरी 275 पेक्षा 320 वालं घेईन. आणि यूपी (Up), म्हणजे सर्जच्या वेळी किती व्होल्ट पुढे जाऊ देतं, ते 1.5 किलोव्होल्ट किंवा कमी असलेलं बरं. जोडणीची वायर आखूड पाहिजे, सगळी मिळून अर्धा मीटर. वायरमन सुबक दिसावी म्हणून गोल फिरवून आणतो ना, त्या एका मीटरवर मोठ्या सर्जमधे हजारभर व्होल्ट जास्तीचे उभे राहू शकतात.

आता डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रल (करंट परत जायची तार) तुटला तर? ती भानगडच निराळी. तेव्हा घरात 230 च्या जागी 300, 350, कधी 400 च्या आसपास येतं आणि मिनिटं न् मिनिटं टिकतं. एमओव्ही बिचारी मायक्रोसेकंदांच्या कामाची, ती तापून जळते. त्याला ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळा लागतो, तो सरळ सप्लायच तोडतो आणि व्होल्टेज जाग्यावर आलं की परत जोडतो. माझ्या मते आपल्याकडच्या लाइनींची अवस्था बघता दोन्ही बसवावीत.

स्पाइक बस्टर म्हणून विकले जाणारे बरेच बोर्ड नुसते एक्स्टेंशन असतात, एमओव्ही असली तरी ती मेल्यावर बोर्ड आपला चालूच. चांगल्या एसपीडीला छोटी खिडकी असते, हिरवी म्हणजे ठीक, लाल झाली की कार्ट्रिज बदला.

अजून एक, सर्ज फक्त मीटरमधूनच येत नाही. डिशची केबल, गच्चीवरच्या स्विचमधून आलेली इंटरनेटची तांब्याची केबल यातूनही आत शिरतो आणि डीबीतलं एसपीडी तिथे काही करू शकत नाही. फायबर काचेचा, त्यातून करंट येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येतोच, म्हणून गडगडायला लागायच्या आधीच प्लग आणि केबल दोन्ही काढलेलं बरं.