पुष्प-स्थिरचित्रण (बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात)

फुलदाणीत, परडीत किंवा तबकात मांडलेली फुले समोर ठेवून केलेल्या चित्रणास पुष्प-स्थिरचित्रण म्हणतात. सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये या प्रकाराला स्वतंत्र प्रतिष्ठा लाभली. आम्ब्रोसियुस बोसखार्ट (१५७३–१६२१) आणि राखेल रॉइश (१६६४–१७५०) हे त्यातील अग्रणी चित्रकार होत. वेगवेगळ्या ऋतूंत उमलणारी फुले या परंपरेतील चित्रांत एकाच पात्रात दिसतात, कारण फुलांची आधी सुटी अभ्यासचित्रे करून मग त्यांची रचना बांधली जाई. गळालेली पाकळी किंवा पान कुरतडणारी अळी पाहणाऱ्याला आयुष्याच्या क्षणभंगुरतेची जाणीव करून देई. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्समधील आर्ल येथे सूर्यफुले रंगवली आणि पुढे एका पत्रात त्यांचा भाव कृतज्ञता असा सांगितला.

दख्खनमध्येही फुलदाणी अपरिचित नव्हती. विजापूरच्या असार महालातील आदिलशाही भित्तिचित्रांत ती आढळते. मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी घरांत फूल प्रामुख्याने येते ते फुलाऱ्याने ओवलेल्या हाराच्या, वेणीच्या किंवा गजऱ्याच्या रूपाने, अथवा पूजेच्या परडीत सुटे. त्यामुळे येथे फुलाचा अर्थ त्याच्या प्रकारापेक्षा प्रसंगावर अधिक अवलंबून असतो, आणि हीच गोष्ट येथील चित्रकाराला सर्वाधिक विचार करायला लावणारी आहे. मूळचा मेक्सिकोचा झेंडू दसऱ्याला दारावर व वाहनावर चढतो, आणि त्याच्याच माळा अंत्ययात्रेतही असतात. शेजारी आपट्याची पाने ठेवली तर तोच झेंडू सणाचा होतो. हळदीच्या भंडाऱ्याचे ताट ठेवले तर सौंदत्तीच्या यल्लम्माची भक्ती मनात येते. तेरड्याने गौरीचे माहेरपण आठवते, तर जास्वंदीने गणपती. केवळ सुंदर म्हणून काचेच्या फुलदाणीत खोचलेला झेंडू चित्रात बरा दिसतो, पण ही सारी नाती गमावून बसतो.

तंत्राच्या दृष्टीने सर्वांत अवघड पांढरी फुले. जलरंगात मोगऱ्याचा पांढरेपणा बहुधा कागद कोरा राखूनच मिळवावा लागतो आणि पाकळ्यांचा गोलावा फिकट निळसर, हिरवट, करड्या छटांनी दाखवावा लागतो. छाया गडद झाली की फूल मळके दिसते. मोगरा काही तासांतच कडांनी तपकिरी पडू लागतो, म्हणून पाकळ्या आधी रंगवून परडी व कापड मागाहून पुरे करणे श्रेयस्कर. पावसाळ्यात बेळगावची हवा इतकी दमट असते की कागद लवकर वाळत नाही. ओल्यावर ओला रंग सोडून मऊ कडा साधण्यास ते सोयीचे ठरते. मात्र शेवंतीच्या बारीक, अणकुचीदार पाकळ्यांसाठी थर पूर्ण वाळेपर्यंत थांबावेच लागते. अबोलीचा नारिंगी रंग पिवळ्यावर तांबड्याचा पातळ थर दिल्यास तजेलदार राहतो. त्यात काळा मिसळला की तो विझतो.

शालेय पातळीवर वस्तुचित्र आणि स्थिरचित्र हे विषय महाराष्ट्र शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट रेखाकला परीक्षांमुळे मराठी विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झाले. बेळगावात कलाशिक्षणाची स्वतःची परंपराही आहे. येथे जन्मलेले चित्रकार रवी परांजपे (१९३५–२०२२) यांनी बेळगावातच के. बी. कुलकर्णी यांच्याकडे चित्रकलेचे धडे घेतले.