अ‍ॅन्सेल बोर्नच्या देहात कोण राहत होतं?

परग्रहावरची एखादी बुद्धी माणसाच्या देहात शिरते, त्याच्या डोळ्यांनी आपलं जग न्याहाळते आणि काम झालं की निघून जाते. मूळ मालकाला मधला काळ आठवतच नाही. वैश्विक भयकथांचं हे लाडकं कथानक. त्यातला परग्रहवासी वगळला, तर बाकीचं एका माणसाच्या बाबतीत खरोखर घडलंय. नोंदही ऐऱ्यागैऱ्याची नाही, हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांची आहे.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचा अ‍ॅन्सेल बोर्न मूळचा सुतार, पुढे फिरता धर्मोपदेशक झाला. १७ जानेवारी १८८७ रोजी त्याने प्रॉव्हिडन्सच्या बँकेतून ५५१ डॉलर काढले, काही देणी भागवली आणि घोड्यांच्या ट्राममध्ये बसला. तिथून बेपत्ता. वर्तमानपत्रांत छापून आलं, पोलिसांनी शोधलं, माग लागला नाही.

१४ मार्चच्या सकाळी पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनमध्ये ए. जे. ब्राउन नावाचा दुकानदार घाबराघुबरा होऊन उठला आणि घरातल्यांना विचारू लागला, मी आहे कुठे? सहा आठवड्यांपूर्वी त्याने एक छोटं दुकान भाड्याने घेतलं होतं. वह्या-कागद, गोळ्या-मिठाई, फळं विकायचा. कुणाला त्याच्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आता मात्र तो सांगत होता, की आपण अ‍ॅन्सेल बोर्न, दुकानदारीतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, आणि बँकेतून पैसे काढले ते जणू कालच! लोकांना वाटलं, वेड लागलं. शेवटी प्रॉव्हिडन्सला तार गेली आणि भाचा येऊन त्याला घरी घेऊन गेला. त्याचं वजन तोवर नऊ-दहा किलोंनी घटलं होतं.

जून १८९० मध्ये जेम्सनी बोर्नला संमोहित केलं, तेव्हा ब्राउन पुन्हा बोलू लागला. बोर्नचं नाव कानावर आलं होतं, पण भेट झाल्याचं त्याला आठवत नव्हतं. बोर्नची बायको समोर आणली, तर म्हणाला, या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही. दोघांच्या आठवणी सांधण्याचे जेम्स यांचे प्रयत्न फसले.

मग हा घुसखोर बाहेरचा होता का? कसोटी साधी आहे. बोर्नला ठाऊक असणं शक्यच नव्हतं, असं काही ब्राउन जाणत होता का? तसं काहीही जेम्स यांच्या हाती लागलं नाही. कथेतला पाहुणा युगानुयुगांचं ज्ञान घेऊन येतो, हा बापडा गोळ्या विकत बसला. घुसखोर बाहेरचा नव्हता, याचा खरा पुरावा मला तरी यातच दिसतो.

मग हे घडतं कसं? स्मृती एकजिनसी नसते. बोलणं, चालणं, हिशेब करणं एकीकडे. स्वतःच्या आयुष्याच्या आठवणी दुसरीकडे. ‘डिसोसिएटिव्ह फ्यूग’ या अवस्थेत दुसऱ्या कप्प्याला कुलूप लागतं, पहिला चालू राहतो. त्यामागे बहुधा असह्य ताण किंवा आघात असतो. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात हा स्वतंत्र आजार न राहता स्मृतिलोपाचाच एक प्रकार झाला आहे.

‘कुणीतरी ताबा घेतलाय’ या अनुभवाला जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजार-वर्गीकरणात मात्र वेगळी जागा आहे, आणि तिला एक शहाणी अटही आहे. हा अनुभव नकोसा आणि अनावर असेल, त्याने जगणं विस्कटत असेल, तरच तो विकार. समाजाने मानलेल्या रीतीत तो बसत असेल तर नाही. त्यामुळे जत्रेत अंगात येणारी बाई निव्वळ तेवढ्यावरून रुग्ण ठरत नाही.