उलाढाल जास्त की भाव खरा: बाजाराच्या ‘कार्यक्षमते’ची दोन वेगळी मापे

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या वित्तीय विकास निर्देशांकात ‘वित्तीय बाजारांची कार्यक्षमता’ नावाचा एक उपनिर्देशांक आहे. 1980पासून दरवर्षी एक आकडा, 0 ते 1च्या दरम्यान. त्यावरून भारताचा आलेख काढून ‘आपला बाजार अमुक साली सर्वांत कार्यक्षम होता’ असे लिहायला दोन मिनिटे लागतात, आणि ते विधान बहुधा फसते. त्या आकड्याच्या पोटात एकच गोष्ट आहे: वर्षभरातली शेअरची उलाढाल भागिले बाजारमूल्य. अर्थशास्त्रज्ञ युजीन फामा यांच्या मांडणीतला कार्यक्षम बाजार म्हणजे उपलब्ध माहिती भावात आधीच उतरलेला बाजार. त्याची मोजणी या आकड्यात कुठेही नाही.

आधी उलाढालीचे गुणोत्तर. गणित सोपे आहे, पण ते चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. भारतात बहुतेक मोठ्या कंपन्या मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार (एनएसई) अशा दोन्हीकडे नोंदलेल्या आहेत. अंशात दोन्हीकडची उलाढाल मिळवायची; छेदात मात्र बाजारमूल्य एकदाच घ्यायचे, नाहीतर गुणोत्तर निम्मे होते. दुसरी अडचण वर्षअखेरच्या बाजारमूल्याची. 2008 सुरू झाले तेव्हा सेन्सेक्स 20 हजारांच्या वर होता आणि वर्ष संपले तेव्हा दहा हजारांच्या खाली. छेद असा आक्रसला की व्यवहार न वाढताही ‘कार्यक्षमता’ उसळते. म्हणून बारा महिनाअखेरींची सरासरी घ्यावी. शिवाय नाणेनिधीचा आकडा सर्व देशांच्या, सर्व वर्षांच्या पट्टीवर बसवलेला असतो आणि टोकाची मूल्ये छाटलेली असतात. नवी आवृत्ती आली की जुन्या वर्षांचे आकडेही हलू शकतात. दोन आवृत्त्या एका आलेखात जोडू नयेत.

या मापाची खरी कसोटी 2000-01मध्ये लागते. त्या वर्षी एनएसईच्या रोख विभागात सुमारे 13.4 लाख कोटी रुपयांची उलाढाल झाली. पुढच्या वर्षी ती 5.1 लाख कोटींवर आली. मग बाजार एका वर्षात तितका बिघडला का? मार्च 2001मध्ये शेअर दलाल केतन पारेखचे घोटाळा प्रकरण फुटले, भाव कोसळले, जुलैत बदला पद्धत (पूर्ण पैसे न भरता सौदा पुढच्या आठवड्यावर ढकलण्याची सोय) बंद होऊन प्रमुख शेअरांना रोलिंग सेटलमेंट (प्रत्येक दिवसाच्या सौद्यांचा स्वतंत्र हिशेब) लागू झाली, आणि नोव्हेंबरात एकेका शेअरचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचा सौदा आज ठरलेल्या भावाने करण्याचे करार) सुरू झाले. बदल्यावर चालणारी सट्टेबाजी हळूहळू तिकडे सरकली. फ्युचर्सची उलाढाल या गुणोत्तरात धरलीच जात नाही. व्यवस्था सुधारत होती आणि ‘कार्यक्षमता’ पडत होती!

भाव माहिती किती पचवतो हे तपासायला वेगळे हत्यार लागते. सर्वांत वापरात असलेले म्हणजे व्हेरियन्स रेशो. व्हेरियन्स म्हणजे परतावा सरासरीभोवती किती विखुरतो त्याचे माप. निफ्टीचे रोजचे बंद भाव घ्या, लॉग परतावे (लगतच्या दोन भावांच्या लॉगॅरिदममधला फरक) काढा. दोन दिवसांच्या परताव्याच्या व्हेरियन्सला एका दिवसाच्या व्हेरियन्सच्या दुपटीने भागा. उत्तर 1 आले तर कालच्या भावावरून आजचा अंदाज बांधता येत नाही. 1.1 आले तर लगतच्या दिवसांतला सहसंबंध साधारण 0.1 आहे, म्हणजे चाल पुढे ओढली जाते. 1च्या खाली आले तर भाव उलटतात. पाच आणि दहा दिवसांसाठीही हेच करावे.

काळानुसार बदल पाहायचा तर 500 दिवसांची खिडकी (साधारण दोन वर्षे) एकेक दिवस पुढे सरकवायची. इतक्या खिडकीत दोन दिवसांच्या रेशोची नुसती नमुन्यातली चूक 0.045 असते. 1च्या दोन्ही बाजूंना तिच्या सुमारे दुप्पट अंतर सोडले, तर 0.91 ते 1.09 या पट्ट्यातल्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पाच दिवसांसाठी हाच पट्टा 0.81 ते 1.19. बाजार कधी शांत, कधी खवळलेला असल्याने प्रत्यक्षात तो आणखी रुंद धरावा. 23 मार्च 2020सारखा, निफ्टी 13 टक्के पडलेला एक दिवस 500 दिवस खिडकीत बसून राहतो. तो बाहेर पडताना रेघेत येणारी पायरी ही सुधारणा नव्हे.

दोन्ही मापे एकमेकांत मिसळतात ती इथे. निर्देशांकातल्या काही शेअरमध्ये व्यवहार विरळ असतील तर त्यांचे शिळे भाव बंद भावात शिरतात आणि रेशो 1च्या वर जातो. एकाच शेअरमध्ये भाव खरेदीदाराच्या आणि विक्रेत्याच्या बोलीमध्ये झुलत असेल तर तो 1च्या खाली येतो. सर्किटच्या, म्हणजे एका दिवसात भाव किती हलू शकतो याच्या मर्यादेमुळे एका दिवसाची बातमी तीन दिवसांत वाटली जाते, तेव्हाही खोटी ‘चाल’ दिसते. म्हणून एकेक शेअर तपासताना फ्युचर्स उपलब्ध असलेले घ्यावेत, त्यांना ठरावीक सर्किट नसते. बोनस आणि स्प्लिटची दुरुस्ती आधीच करून ठेवावी. 2001पूर्वीची आकडेवारी तर आणखी जपून वापरावी. मुंबई शेअर बाजाराचा व्यवहार-आठवडा सोमवार ते शुक्रवार आणि एनएसईचा बुधवार ते मंगळवार असे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी घेणाऱ्याला पैसे भरायला जास्त दिवस मिळत, आणि त्या सवलतीची किंमत भावात असे. वारानुसार दिसणारा असा फरक अकार्यक्षमतेच्या खात्यात टाकणे चूक.

18 मे 2009 हा दोन्ही मापांना उलट्या दिशांना ढकलणारा दिवस. लोकसभेचा निकाल शनिवारी लागला होता. सोमवारी बाजार उघडताच वरच्या सर्किटला लागला, थांबला, पुन्हा उघडून पुन्हा लागला आणि दिवसभरासाठी बंद झाला. सेन्सेक्स 17 टक्के वर, व्यवहार जेमतेम. बातमी सर्किटने परवानगी दिली तेवढी भावात उतरली. उलाढालीच्या हिशेबात मात्र तो दिवस जवळपास नव्हताच.

सत्यम या संगणक कंपनीचे नेमके उलट. निफ्टीतला, रोज भरपूर हात बदलणारा शेअर, आणि ताळेबंदातली रोकड खोटी. जानेवारी 2009च्या 7 तारखेला कबुलीपत्र आले आणि भाव एका दिवसात तीन-चतुर्थांशाहून अधिक पडला. जाहीर माहितीपुरता बाजार तत्पर होता, लपवलेल्या माहितीपुरता आंधळा. व्हेरियन्स रेशोला हा आंधळेपणा दिसत नाही, कारण तो फक्त जुने भाव पाहतो. उलाढालीच्या गुणोत्तराने तर 7 जानेवारीची प्रचंड विक्री ‘कार्यक्षमते’च्या बाजूला जमा केली.